बुधवारच्या विनंत्या

ताईंचा आवाज असा, की त्या खोलीत कुजबुजल्या तरी जिन्याखालच्या माणसाने "काय म्हणालात?" असं विचारावं. त्यात त्यांचा दोष नाही. लग्नाआधीपासून कित्येक वर्षं त्यांनी बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कोणाचं पोर चुकलंय, कोणाची पिशवी बाकावर राहिलीय, सगळं त्यांच्या तोंडून जगाला कळायचं. तिथल्याच डेपोत इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी आधी आवाज ऐकला, मग बाई पाहिली आणि मग लग्न केलं. "आवाजावर भाळलो आणि जन्माचा त्याच्याखाली आलो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही, हेही तेच सांगत. ताई म्हणत, "मग काय तीळ भिजत घालायला आणलंत का मला?" आणि हसून मोकळ्या होत.

पुढे स्थानकावर यंत्र आलं. बटण दाबलं की रेकॉर्ड केलेली बाई बोलते, न खोकता, न रजा घेता. ताई घरी बसल्या. बसल्या म्हणायचं आपलं. ती बाई बसणारी नव्हे. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना बायबल शिकवणं चालू होतंच. आता त्यांनी टपालाने येणारा बायबलचा अभ्यासक्रम घेतला. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला चिरलेला कांदा आणि दुसऱ्या बाजूला प्रेषित पौलाची पत्रं, असा त्यांचा अभ्यास काही वर्षं चालला. मिस्त्री म्हणत, "आमच्या घरात प्रेषितांनासुद्धा डोळ्यांतून पाणी येतं."

तर अशा ह्या ताईंना एक दिवस चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. शहराच्या कडेला कम्युनिटी कॉलेज होतं. शाळा अर्धवट सुटलेले, नोकरी गेलेले, लेकरं मोठी झाल्यावर शिकायला निघालेले, असे सगळे तिथे हाताला काम देणारे कोर्स करायला येत. त्यांच्यात जाऊन बायबल शिकवायचं, त्यांचं ऐकायचं, आणि ह्या कामाचा भार चर्चच्या मंडळीने उचलायचा, असं ठरलं होतं. "तुमच्याइतकं कोण बोलणार?" पाळकसाहेब म्हणाले. भला माणूस. त्याला वाटलं, बोलता येणं हीच ह्या कामाची सगळ्यात मोठी लायकी.

मंडळीने मनापासून हात दिला, हे सांगायलाच हवं. ताईंना मानधन सुरू झालं. कोणी दर बुधवारी पाव आणि उकडलेली अंडी पाठवी, कोणी धडे छापून देई, तर कोणी जुन्या खुर्च्या नीट करून दिल्या. त्याबदल्यात दर तीन महिन्यांनी ताईंनी रविवारच्या उपासनेत उभं राहून कामाचा वृत्तान्त द्यायचा. वृत्तान्त कसला, लोकांना गोष्टी हव्या असत. कोण बदललं, कोण रडलं, कोणाची दारू सुटली. ताई सांगतही रंगवून. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत आणि पुढच्या बुधवारी दोन अंडी जास्त येत.

कॉलेजच्या प्राचार्यांनी खोली दिली ती शिवणवर्गाची. अट एकच, कोणावर जबरदस्ती नको. दुपारी शिवणवर्ग सुटला की मशीनं भिंतीला सरकवायची आणि खुर्च्या गोल मांडायच्या. जमिनीवर दोऱ्यांचे इतके तुकडे असत, की बायबलच्या तासाला बसलेला माणूस घरी जाताना पँटीला सगळे रंग लावून जाई. कोपऱ्यात कपडे बेतायचा बिनडोक्याचा पुतळा उभा असे. त्याच्यावर सगळे आपापले कोट टाकत. वेल्डिंग शिकणारा एक दांडगा तरुण होता, त्याला सगळे वेल्डरच म्हणत. त्याने त्या पुतळ्याचं नाव 'प्राचार्य' ठेवलं होतं. ताईंनी त्याला दटावलं, पण दटावतानाच त्यांना हसू फुटलं, त्यामुळे नाव कायम झालं.

शिकवायची ताईंची रीत सोपी. बायबलातला शास्त्रभाग वाचायचा आणि विचारायचं, "ह्यात तुम्हाला काय खटकतं?" एकदा एका लुळ्या माणसाची गोष्ट निघाली. चार मित्र त्याला घेऊन आले, दारात गर्दी, म्हणून त्यांनी घराचं छप्पर उघडून त्याला वरून येशूपुढे सोडलं. ताई विश्वासावर बोलायच्या तयारीत होत्या. वेल्डर म्हणाला, "ताई, ते छप्पर मग कोणी बुजवलं?" झालं! सगळा तास छपरावर गेला. नोकरी गेल्यावर हिशेबनीसाचा कोर्स करणारे एक काका होते. ते म्हणाले, "घरमालक बिचारा पाहुण्यांना बोलावून पस्तावला असेल." आणि नर्सिंगच्या कोर्सची एक मुलगी, कधी न बोलणारी, हळूच म्हणाली, "त्या चौघांनी त्याला विचारलं होतं का? सगळ्यांसमोर असं खाली सोडलेलं त्याला आवडलं असेल का?" ताईंना हे इतकं आवडलं, की त्यांनी घरी जाऊन मिस्त्रींना दोनदा सांगितलं. आवडलं खरं. पण उमगलं नाही, ते पुढे कळेलच.

ह्या मुलीला सगळे सिस्टर म्हणत. घरात ती आणि आई, दोघीच. आई मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती, इस्पितळांच्या चादरी धुण्या-वाळवण्याच्या खात्यात. मुलीचा पांढरा गणवेश आई स्वतः इस्त्री करायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. त्या गणवेशाच्या घड्या इतक्या कडक, की वेल्डर म्हणायचा, "सिस्टर, जरा लांब बस, कापेल."

प्रार्थनेच्या वेळी ताई नेहमी विचारत, "काही विनंत्या?" मग देवाकडे काय मागायचं ते ज्याचं तो सांगे. काका सांगत, मुलगा माझ्याशी बोलत नाही. वेल्डर सांगे, रात्रीचं काम आणि सकाळचा वर्ग, ठिणग्यांसमोर डोळे मिटतात, भीती वाटते. ह्या खोलीत माणसं जे बोलत ते घरी बोलत नसत. सिस्टर मात्र मान हलवून "काही नाही" म्हणे.

एका बुधवारी सगळे गेल्यावर ती मागे राहिली. ताई मशीनं परत जागेवर सरकवत होत्या. सिस्टर दुसऱ्या बाजूने ढकलायला लागली आणि ढकलता ढकलता म्हणाली, "ताई, मला रक्त बघून चक्कर येते. वॉर्डात दोनदा पडले. मॅडम म्हणाल्या, आणखी एकदा झालं तर तुझ्यासाठी दुसरा कोर्स बघावा लागेल." मशीन जागेवर बसलं, तरी ती ढकलतच राहिली. "आईला कळता कामा नये. ती सगळ्यांना सांगत फिरते, माझी मुलगी नर्स होणार. कोणालाच सांगू नका, ताई."

"माझ्यापाशीच राहील गं, बाळा," ताई म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

आता मंडळीतली एक रीत सांगायला हवी. बुधवारी संध्याकाळी एक आजी ताईंना फोन करत. सगळे त्यांना प्रार्थनेच्या आजी म्हणत. कॉलेजातल्या विनंत्या त्या विचारून घेत, मग दुसरीला फोन करत, दुसरी तिसरीला, अशी साखळी. रविवारपर्यंत सगळी मंडळी त्या विनंत्या देवापुढे ठेवी. त्या संध्याकाळी आजींचा फोन आला.

"एका मुलीसाठी करा आजी," ताई म्हणाल्या. "नाव विचारू नका."

"नाव कशाला? देवाला ठाऊक आहे. पण विषय तरी सांगशील की नाही? मोघम मागितलं तर मनापासून कसं मागणार?"

आजींचं बोलणं ताईंना पटलं. पटणारच, कारण बोलायचं तर त्यांना होतंच. "नर्सिंगची आहे हो. रक्त पाहून चक्कर येते बिचारीला. आईला अजून माहीत नाही." एवढंच. नाव घेतलं नाही ह्या समाधानात त्यांनी फोन ठेवला आणि भात टाकला.

कोणी चुगली केली असती तर निदान एखाद्याला शिव्या घालता आल्या असत्या. पण इथे सगळ्या भल्या बाया! एकीने दुसरीला सांगितलं, मुलगी बेशुद्ध पडते. तिने तिसरीला सांगितलं, वॉर्डातून बाहेर काढली. पुढचीने सांगितलं, कोर्स सुटला, आई अंधारात आहे. प्रत्येकीने कळवळून सांगितलं आणि कळवळ्यात चिमूटभर भर पडत गेली. साखळीतली शेवटची बाई सिस्टरच्या आईच्याच लॉन्ड्रीत कामाला होती. तिच्या ओळखीत नर्सिंग शिकणारी मुलगी एकच. तिने चादरींच्या ढिगावरून सिस्टरच्या आईचा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही खचू नका. आम्ही सगळ्या तुमच्या मुलीसाठी प्रार्थना करतोय."

"कशासाठी?" आईने विचारलं.

सोमवारी ताई धडे ठेवायला कॉलेजात गेल्या, तर सिस्टर फाटकाशी उभी होती. ताईंना वाटलं, पोरगी आपल्यासाठी थांबली, आणि त्या हसत पुढे झाल्या. सिस्टर हसली नाही. सगळं सांगितलं तिने, लॉन्ड्री, हात धरणं, आईचं रात्रभर न बोलणं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही प्रार्थना केलीत की बातमी दिलीत?"

नाव घेतलं नव्हतं, असं म्हणायला ताईंनी तोंड उघडलं आणि स्वतःचीच लाज वाटून मिटलं. सिस्टर वळून वर्गाकडे निघून गेली.

त्या बुधवारी ती आली नाही. वेल्डर आला, काका आले, बाकीचेही आले, पण अशा गोष्टी कॉलेजात लपत नाहीत. ताईंनी विचारलं, "काही विनंत्या?" काका छताकडे बघत म्हणाले, "परीक्षा नीट पार पडू दे." वेल्डर म्हणाला, "हो, परीक्षाच." मुलाचं काय झालं, डोळे मिटतात त्याचं काय, कोणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या बुधवारीही परीक्षाच. पाव होता, अंडी होती, बायबल होतं, आणि सगळे शहाण्यासारखे गप्प. ताईंना नीट कळलं, की ही खोली एकदा मिटली तर आपल्या इथे येण्याला काही अर्थ नाही. आणि तिकडे ती पोर पुढच्या वॉर्डाला एकटीच सामोरी जाणार.

"मी काय करू हो?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री नेहमीसारखी थट्टा करतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी केली नाही. "ज्या तोंडाने सांगितलंस त्याच तोंडाने निस्तर," ते म्हणाले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले.

नेमका पुढच्याच रविवारी वृत्तान्त होता. उपासनेआधी पाळकसाहेब हळूच म्हणाले, "त्या नर्सिंगच्या मुलीचं सांगा. लोक विचारतायत. फार भिडेल." ताई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या बायकांनी रुमाल तयार ठेवले होते.

"ह्या वेळी गोष्ट नाही," ताई म्हणाल्या. "एका लेकराने विश्वासाने मला काही सांगितलं आणि मी ते वाटून टाकलं. प्रार्थनेच्या नावाखाली वाटलं, हे तर आणखी वाईट. आजपासून कॉलेजमधल्या कोणाचंही दुःख माझ्या तोंडून इथे येणार नाही. फोनवरही नाही."

चर्चमध्ये चुळबुळ सुरू झाली. प्रार्थनेच्या आजी लाल झाल्या. "म्हणजे आम्ही चहाडखोर ठरलो का गं?"

"तुम्ही नाही आजी. मी."

मागच्या बाकावरचे, चर्चचा कारभार बघणारे एक वडीलजन उठले. "पण ताई, हे काम मंडळी चालवते. काय चाललंय ते आम्हाला कळायला नको?"

"मी काय शिकवते ते विचारा. कधी गेले, कधी आले, ते विचारा. वाटलं तर येऊन बसा, दोरे झाडत घरी जाल," ताई म्हणाल्या. "पण मुलांच्या पोटातलं विचारू नका. तेवढ्यावर हे काम बंद करायचं असेल तर करा." काम गेलं असतं तर त्यांना फार लागलं असतं. वडीलजन काही बोलणार, तेवढ्यात पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मीच ताईंकडे गोष्ट मागितली होती. चूक माझीही आहे. पुढचं गीत घेऊ या." लोक उठून गायला लागले, काही नाराजीने, पण गायले.

दुसऱ्या दिवशी ताई लॉन्ड्रीत गेल्या. आत वाफ, साबणाचा वास आणि यंत्रांचा असा गोंगाट, की तिथे ताईंचाच आवाज चालावा. सिस्टरची आई लांबलचक टेबलापाशी एकटीच मोठ्या चादरीशी झटत होती. ताईंनी आपण कोण ते सांगितलं आणि माफी मागितली, सरळ, आडवळण न घेता. आणि कोर्स सुटल्याचं तेवढं खोटं आहे, असंही सांगितलं.

आईने वर पाहिलंही नाही. "ते मला तिनं सांगितलं," ती म्हणाली. "चक्कर येते ह्याचं मला काही नाही, बाई. मलाही सुरुवातीला ह्या चादरींवरचं रक्त बघून मळमळायचं. तुम्ही चारचौघींना सांगितलंत ह्याचा राग आला, तोही जाईल. पण तिनं तुम्हाला सांगितलं. मला नाही. रोज सकाळी तिची कॉलर मी सारखी करते आणि पोरीला माझीच धास्ती! ते मला झोपू देत नाही."

ताईंच्या ओठांवर किती गोष्टी आल्या. मुलं असंच करतात, देव सगळं बघतो, तुम्ही तिच्याशी असं बोला, तसं बोला. सगळं तयार होतं, फक्त तोंड उघडायचा अवकाश. त्यांनी चादरीची दुसरी दोन टोकं उचलली. आईने क्षणभर पाहिलं आणि आपली टोकं ताणली. मग दोघी चादर झटकून, जवळ येऊन टोकाला टोक जुळवत राहिल्या, पुन्हा लांब, पुन्हा जवळ. ढीग उतरेपर्यंत ताई एक शब्द बोलल्या नाहीत. आईने मधेच एकदा डोळे खांद्याला पुसले, तेव्हाही नाही. निघताना आई म्हणाली, "तुम्ही फार बोलता असं ऐकलं होतं."

"खरं तेच ऐकलंत," ताई म्हणाल्या.

त्या बुधवारी ताईंनी बायबल उघडायच्या आधी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि ह्या खोलीतलं काही बाहेर जाणार नाही असं कबूल केलं. कोणी "असू दे ताई" म्हटलं नाही. विनंत्यांच्या वेळी पुन्हा परीक्षाच निघाली. ताईंनी प्रार्थना मुकाट्याने परीक्षेसाठीच केली. संध्याकाळी आजींचा फोन आला, थोडा फुरंगटलेला. "विनंती काय?" "कॉलेजसाठी करा आजी." "बस?" "बस." आजींनी फोन ठेवला. असे आणखी काही बुधवार गेले. काका हळूहळू मुलाबद्दल पुन्हा बोलायला लागले. सिस्टर येत नव्हती, तिची खुर्ची तेवढी ताई गोलात मांडत होत्या.

मग एका बुधवारी धडा अर्ध्यावर आला असताना दार उघडलं. सिस्टर आत आली, बिनडोक्याच्या प्राचार्यांवर कोट टाकला आणि आपल्या खुर्चीवर बसली. वेल्डरने पावाची बशी तिच्याकडे सरकवली. ताईंना असा आनंद झाला, की उठून तिला मिठी मारावी आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलावं. त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली. कुठली वाचली, त्यांनाही आठवत नाही.

प्रार्थनेच्या वेळी त्या नेहमीसारखं "काही विनंत्या?" म्हणाल्या आणि मुद्दाम सिस्टरकडे बघितलं नाही.

"माझी आहे," सिस्टर म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या. "उद्या मला पुन्हा वॉर्डात उभं राहायचंय. मला चक्कर येते. रक्त बघून." तिने हे सगळ्यांकडे बघत सांगितलं. "आईला माहीत आहे. ती म्हणाली, पडलीस तर घरी ये, उभी राहिलीस तरी घरी ये."

काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"मी करू का प्रार्थना?" वेल्डरने विचारलं.

"नको, ताई करतील," सिस्टर म्हणाली. ताईंनी घसा साफ केला, हात जोडले आणि आता त्यांचा तो भरघोस आवाज लागणार म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "पण ताई, मनातल्या मनात."

वेल्डर फिसकन हसला, काका हसले, सिस्टरसुद्धा हसली. ताईही हसल्या आणि हसतानाच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी डोळे मिटले. सगळी खोली गप्प झाली, आणि गाड्या पुकारून आयुष्य काढलेली ती बाई ओठही न हलवता त्या पोरीसाठी देवाजवळ मागत राहिली. किती वेळ कोण जाणे. पुढच्या वर्गाची माणसं दारात येऊन थांबली, तरी कोणी "आमेन" म्हणायची घाई केली नाही. काय मागितलं ते मिस्त्रींनी घरी खोदून खोदून विचारलं. ताईंनी सांगितलं नाही.